बियाणे सीमा ओलांडते, पत्रक का ओलांडत नाही?

सीमाभागातल्या मराठी माणसाने पाटीसाठी जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी माती परीक्षणाच्या कागदासाठी केला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आमच्यावर आली नसती. हे पहिलेच वाक्य वाचून काही ज्येष्ठ मंडळी चष्मा काढून बाजूला ठेवतील, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगायचे की, पाटीची लढाई आमच्याही घरची आहे. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा आमचे वडील त्यांत होते आणि हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही त्यांच्या बोटाला धरून गेलो आहोत. १ नोव्हेंबरचा काळा दिवस आमच्या घरी दिनदर्शिकेत बघून पाळावा लागत नाही. तेव्हा आमच्या निष्ठेची चौकशी कोणी करू नये. चौकशी करायचीच तर आम्ही मांडतो त्या हिशेबाची करावी. आम्ही बँकेत कारकून आहोत, जमा आणि नावे यांपलीकडे आम्हाला फारसे कळत नाही.

तर एक नोंद सांगतो.

तीन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडाला एक शेतकरी आमच्या काउंटरवर आले. खाते जुने, व्यवहार चोख, वय साठीच्या आसपास. आडसाली ऊस आणि त्यात आंतरपीक म्हणून सोयाबीन. पैसे काढून झाल्यावर त्यांनी पासबुकात जपून घडी घातलेले एक पत्रक काढले आणि म्हणाले, "साहेब, एवढं वाचून सांगा की." ते एका शिबिराला गेले होते. शिबिर कोणत्या खात्याचे, हे आम्ही सांगणार नाही, कारण प्रश्न एका खात्याचा नाही. शिबिरात सगळे कन्नडमध्ये सांगितले, तेवढे त्यांना समजले, कारण बाजारात आणि बांधावर ते कन्नड बोलतातच. पण वाचता येत नाही, शाळा मराठी. पत्रकात उसातल्या तणनाशकांचा तक्ता होता. आम्ही नोकरीमुळे कन्नड वाचायला शिकलो आहोत, म्हणून अडखळत वाचू लागलो. टू-फोर-डी या औषधापुढे ठळक अक्षरांत एक ओळ होती : रुंद पानाचे आंतरपीक असल्यास फवारू नये. ती ओळ वाचून आम्ही मान वर केली, तर ते आमच्याकडे बघतच नव्हते. पत्रकाकडे बघत होते. फवारणी आठ दिवसांपूर्वी झाली होती. सोयाबीनची पाने मुरडून गेली होती आणि असे का झाले, हे विचारायलाच त्यांनी ते पत्रक आणले होते.

त्या हंगामात त्यांचे पीककर्ज उसावर निघाले खरे, पण सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या खर्चाला लागणारे होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते सोनेतारणाच्या खिडकीपाशी उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली, आम्हीही हलवली. त्या दोन मानांच्या मध्ये एक ओळ होती, आणि ती त्यांच्या लिपीत नव्हती.

आता कोणी म्हणेल, कन्नड शिकायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. आमची मुले शिकतात, आम्ही शिकलो. कन्नड ही आमच्या शेजाऱ्याची भाषा आहे, बाजाराची आहे, आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ती मराठीच्या खांद्याला खांदा लावून बोलली गेली आहे. पण साठ वर्षांच्या माणसाला औषधाची मात्रा समजण्यासाठी आधी मुळाक्षरे गिरवायला सांगणे, याला शिक्षण म्हणत नाहीत. शिक्षण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेले पाहिजे, म्हणून तर विस्तार शिक्षण हा शब्द निघाला. बांधापर्यंत येऊन ते लिपीपाशी अडत असेल तर विस्तार कसला?

ही व्यवस्था काय आहे, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्यातल्या पुष्कळ सुशिक्षित मंडळींना कृषी विद्यापीठ म्हणजे पोरांना बी.एस्सी. करणारे कॉलेज एवढेच ठाऊक असते. कृषी विद्यापीठाची कामे तीन : शिकवणे, संशोधन करणे आणि केलेले संशोधन शेतकऱ्याला नेऊन देणे. ही तिसरी गोष्ट अमेरिकेने १९१४ साली कायदा करून विद्यापीठांच्या गळ्यात बांधली. आपल्याकडे तेच काम जिल्ह्याजिल्ह्यातून व्हावे म्हणून कृषी विज्ञान केंद्रे निघाली. पहिले १९७४ साली पुदुच्चेरीला सुरू झाले. पैसा केंद्राच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, चालवणारी कुठे विद्यापीठे, कुठे संस्था. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अशी दोन केंद्रे आहेत. एक गोकाकच्या बाजूला तुक्कानट्टीला, दुसरे बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला. जिल्हा तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे ४८ लाख, आणि दोन्ही केंद्रे जिल्ह्याच्या कन्नडबहुल भागात. खानापूरच्या जंगलकाठच्या भातवाल्याला किंवा निपाणीच्या तंबाखूवाल्याला तिथे पोचायचे तर एक दिवस मोडतो. त्या केंद्रांतले शास्त्रज्ञ वाईट आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांतले काही आमच्याशी मराठीत बोललेलेही आहेत. तोंडी मराठी चालते, छापील मराठी चालत नाही, ही आमची तक्रार आहे. माणूस निघून जातो, कागद घरात राहतो. जूनमध्ये ऐकलेली मात्रा ऑगस्टमध्ये कोणाच्या लक्षात राहते?

केंद्रांच्या वर धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ. १ ऑक्टोबर १९८६ रोजी ते बेंगळूरच्या विद्यापीठातून वेगळे झाले. बेळगाव जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. धारवाडचा कृषी मेळावा बघायला आपल्याकडचे लोक गाड्या करून जातात, बी-बियाणे घेऊन येतात, मोठ्या कौतुकाने सांगतात. आणि या विद्यापीठाचे एक कृषी संशोधन केंद्र तर खुद्द निपाणीत आहे. विडीच्या तंबाखूवर तिथे काम चालते. वाचकहो, आम्ही निपाणीतल्या जुन्या घरांतल्या दहा-बारा कर्त्या माणसांना सहज विचारले की, त्या फाटकाच्या आत आपण कधी गेला आहात काय? दोघे गेले होते. त्यांतले एक रस्ता चुकून.

हे आपले चित्र आहे. विद्यापीठाचे फाटक गावात आहे आणि आपण त्याच्यासमोरून स्कूटर काढून भाषेच्या प्रश्नावरील सभेला जातो.

शेतीचे ज्ञान या सीमेला जुमानत नाही, याचे एक उदाहरण आम्हाला द्यायचे आहे आणि ते थोडे सविस्तर द्यायचे आहे, कारण त्यात आपला सगळा प्रश्न साठवलेला आहे. सोयाबीनवरचा तांबेरा. कृष्णाकाठच्या दमट हवेत हा रोग असा माजतो की, देशभरातले सोयाबीनचे नवे वाण तांबेऱ्यासाठी तपासायचे ते उगार खुर्दला, असा शास्त्रज्ञांचा परिपाठ पडला. उगार खुर्द आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे रोगाची प्रयोगशाळा आपल्या दारात. आपले लोक मात्र वर्षानुवर्षे जबलपूरचा जे.एस. ३३५ हाच वाण पेरत राहिले. चांगला वाण, पण तांबेऱ्यापुढे हात टेकणारा. मग दोन बाजूंनी उत्तरे आली. धारवाडने डीएसबी २१ हा तांबेऱ्याला दाद न देणारा वाण दिला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राने केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, दिला. निपाणीच्या दुकानांत फुले संगम कागल-कोल्हापूरहून आला. कोणत्याही चेकनाक्यावर त्याला मातृभाषा विचारली गेली नाही. उसाचा को ८६०३२ दोन्ही राज्यांच्या कारखान्यांच्या गव्हाणीत एकाच वेळी पडतो. भाताचा इंद्रायणी मावळातून निघाला आणि खानापूर-चंदगडच्या खाचरांत कधी रुजला, ते कोणाला कळलेही नाही.

बियाणे आले. पण बियाण्याबरोबर येणारी माहिती? फुले संगम किती अंतरावर टोकावा, एकरी बियाणे किती, तांबेऱ्याची पहिली फवारणी कधी, हे सगळे राहुरीच्या मराठी पत्रकात आणि कृषिदर्शनीत छापलेले आहे. ते पत्रक कागल तालुक्यातल्या शेवटच्या गावात वाटले जाते आणि तिथे थांबते. डीएसबी २१ ची माहिती धारवाडच्या कन्नड पत्रकात छापलेली आहे. ती आपल्या गावात पोचते, पण वाचली जात नाही. एक पत्रक वाचता येते ते मिळत नाही, आणि मिळते ते वाचता येत नाही. मग आपला शेतकरी विचारतो कोणाला? औषध-दुकानदाराला. तो दोन्ही भाषा बोलतो, उधारी देतो, आणि ज्या बाटलीवर त्याला जास्त सुटते तिची शिफारस करतो. सीमाभागातले खरे विस्तार शिक्षण आज त्या काउंटरवर चालले आहे. आम्ही दुकानदारालाही दोष देत नाही, तो कमिशनवर बसला आहे. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की, दोन विद्यापीठे असताना आमच्या वाट्याला दुकानदार का यावा?

महाराष्ट्राकडे वळू. निवडणूक आली की सीमाबांधव हा शब्द तिकडच्या भाषणांत हमखास येतो. आमची गावे त्यांनी नकाशात मागितली, महाजन आयोगाचा अहवाल फेटाळला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दाव्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. (महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले होते, हे आजच्या पिढीतल्या कित्येकांना ठाऊक नसते, आपले मोठे भांडण बेळगावसाठी होते आणि आहे.) पण दावा चालेपर्यंत, आणि तो कधी निघेल हे सांगता येत नाही तोपर्यंत, राहुरीने आमच्या गावांत चार कागद पाठवायला काय अडचण आहे? कायदा सांगतात : विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यापुरते. मान्य. मग इंजिनिअरिंग आणि मेडिकलला सीमाभागातल्या मुलांसाठी जागा राखून ठेवताना कार्यक्षेत्र आड आले नाही ते? तिथे इच्छा होती म्हणून वाट निघाली. शेतीला इच्छा नाही. आणि याचे खापर फक्त मुंबईवर फोडण्यात अर्थ नाही; राखीव जागांसाठी आपण शिष्टमंडळे नेली, शेतीसाठी किती नेली?

वाट काढायची तर कशी काढतात, हे निपाणीकरांना शिकवायला नको. देवचंद कॉलेज १९६० साली निघाले. मुले निपाणीची, पण इमारत अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. आणि कॉलेज शिवाजी विद्यापीठाचे. सीमा इमारतीच्या दाराशी आणि मुले रोज ती ओलांडून जातात-येतात. ज्यांनी हे केले त्यांनी भाषणे कमी केली असावीत.

आता कागल आणि चंदगड तालुक्यांत पावसाळ्यात एक दृश्य दिसते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली गावांत राहायला येतात. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे त्याचे लांबलचक नाव. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात : इथे ओढा, इथे विहीर, इथे चिबड जमीन. बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन कसा काढायचा ते शिकवतात. आम्ही शिनोळीच्या बाजूला हे पाहिले आहे. म्हाताऱ्या बायका त्या पोरींना घरात बोलावून चहा देत होत्या आणि आमच्या मनात आले, इथून हाकेच्या अंतरावर बेळगाव तालुका सुरू होतो, तीच माती, तीच रताळी, तीच लाल जमीन, आणि ही रांगोळी तिथे का नाही? धारवाडची मुलेही असाच कार्यानुभव करतात. त्यांना आमच्या गावांत बोलावणे तर मुळीच अवघड नाही. विद्यापीठ आपलेच आहे, कर आपण भरतो. धारवाडला मराठी जाणणारी मुले शिकत असतीलच. त्यांना येळ्ळूर, मच्छे, कडोली, जांबोटीला पाठवा, अशी लेखी मागणी आजवर कोणी केली? आमच्या मंडळाच्या कपाटातली गेल्या वीस वर्षांची निवेदनांची फाईल आम्ही एका रविवारी बसून चाळली. पाट्या, परिपत्रके, शाळा, बसच्या पाट्या, पुन्हा पाट्या. शेती हा शब्द तीन वेळा सापडला. तिन्ही वेळा भूसंपादनाच्या संदर्भात.

आणि मागणीला आधार नाही असेही नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून केंद्राने आश्वासने दिली, १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ती पक्की झाली : जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. जनगणनेच्या आकड्यांवर आमचा किती विश्वास आहे ते सोडा, त्यांचाच आकडा धरला तरी अट पुरी होते. आणि खानापूर, बेळगाव, निपाणीचा तालुकावार हिशेब काढला तर बोलायलाच नको. परिपत्रकासाठी आपण हा नियम शंभर वेळा दाखवला. तणनाशकाच्या मात्रेपेक्षा महत्त्वाची सूचना कोणती, ते आम्हाला कोणी सांगावे. हाच नियम उलट बाजूलाही लागतो, हे सांगायला आम्ही कचरत नाही. जतमधल्या आणि अक्कलकोटमधल्या कन्नड शेतकऱ्याला राहुरीने कन्नडमध्ये पत्रक दिले पाहिजे. ते मागतील तेव्हा आपण त्यांच्या अर्जावर सही करू. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते, शरद जोशी त्यांच्यात होते, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात माणसे गेली. त्या गर्दीत मराठी कोण आणि कन्नड कोण, हे गोळीने विचारले नव्हते.

इथपर्यंत आपल्यातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या असतील. सरकारवर आणि महाराष्ट्रावर टीका आपल्याला गोड लागते. आता आपल्याविषयी.

आम्ही जुनी घराणी. कोणाचा वाडा दीडशे वर्षांचा, कोणाची इनामाची सनद भिंतीवर काचेत. शेती कुळाकडे किंवा भावकीकडे, आणि आपण वकील, मास्तर, व्यापारी, कारकून. शेती म्हणजे गणपतीला एक पोते बासमती येते ते. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातल्या बासमतीचा वास आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातून अख्ख्या गल्लीला जायचा. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. त्या शिवाराचे आज काय झाले? बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात भात घेऊन जातो. हलगा-मच्छे बायपासच्या रस्त्यात सुपीक वाफे गेले म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टात आणि बांधावर उभे राहिले. त्यांच्या बाजूने आपण निवेदने दिली, बरे केले. पण नाला आणि रस्ता यांनी खाल्लेल्या जमिनीपेक्षा आपण आपल्या सहीने विकलेली जमीन कमी आहे काय? आमच्या खिडकीतून ती रक्कम जाते, म्हणून आम्हाला दिसते. गुंठ्यांचे पैसे येतात, थोडे मुदत ठेवीत, थोडे गाडीत, थोडे लग्नात. पाच वर्षांनी ठेव मोडायला तेच गृहस्थ येतात. २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. आता गिऱ्हाईक बेंगळूरहूनही येते. भाषिक प्रदेश म्हणून ज्या मातीवर आपण हक्क सांगतो, ती माती सातत्याने आपणच खरेदीखताच्या कागदावर दुसऱ्याच्या नावे लिहून देत आहोत. न्यायालयात उद्या निकाल आपल्या बाजूने लागला तर गाव महाराष्ट्रात जाईल. शिवार कोणाचे असेल?

विकणाऱ्याला आम्ही शिव्या देत नाही. ज्याला शेती येत नाही तो विकणारच. आमच्या चुलतभावाने मागच्या वर्षी आठ गुंठे विकले आणि व्यवहाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही आहे. आम्हालाही शेती येत नाही. आमच्या वाड्याच्या मागे परडे होते. आड होता, अळू, शेवगा, लिंबू, कढीपत्ता, घोसाळ्याचा वेल. सांडपाण्यावर केळी. आजी मिरचीच्या रोपाला राख कधी घालायची ते सांगायची, आणि आम्ही ऐकत नव्हतो, कारण टीव्हीवर 'आमची माती आमची माणसं' लागले की आम्हाला वाटे, आता कधी हे संपते आणि पुढचा कार्यक्रम लागतो. आता परड्यात फरशी आहे. तिच्यावर दोन मोटारसायकली आणि वाळत घातलेले कपडे. आजीचे ज्ञान एका पिढीत संपले आणि विद्यापीठाचे आमच्यापर्यंत आलेच नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात सरकारने शेतीची प्रदर्शने भरवावीत, शेतकऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा घ्याव्यात, बक्षिसे द्यावीत अशा सूचना आहेत. शेती ही शिकायची विद्या आहे, हे त्यांना तेव्हा दिसले. राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आम्ही त्यांच्या जयंतीला हार घालतो आणि नर्सरीतून कुंडी आणतो, तिच्यातले रोप चार महिन्यांत मरते, मग दुसरी आणतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७० च्या दशकात एक युक्ती निघाली. शहरातले लोक परसबागेचे एवढे प्रश्न विचारू लागले की विद्यापीठाचे विस्तार अधिकारी पुरेनात. तेव्हा विद्यापीठाने गावातल्या हौशी माणसांना, निवृत्तांना, गृहिणींना फुकट किंवा थोडक्यात शिकवले. अट एवढीच की शिकलेल्याने ठरावीक तास लोकांना शिकवायचे. आज ती पद्धत तिकडे राज्याराज्यांत आहे. आम्हाला ती फार पसंत पडली, कारण आपल्याकडे निवृत्त माणसांचा तुटवडा नाही. बेळगावात आणि निपाणीत सकाळी फिरायला जाऊन राजकारणावर बोलणारी जेवढी माणसे आहेत, त्यांतली वीस जरी माती परीक्षणाचा कागद वाचायला शिकली, तरी वीस गल्ल्यांचे काम होईल. कन्नड वाचता येणारे निवृत्त मास्तर आपल्यात आहेत. धारवाडच्या पत्रकाचे मराठी त्यांनी करावे, निपाणीच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाकडून तपासून घ्यावे, मंडळाने छापावे. छपाईचा खर्च आम्ही काढला आहे : दोन पानी पत्रकाच्या दोन हजार प्रती मागच्या वर्धापन दिनाच्या फलकांपेक्षा स्वस्त पडतात. त्या फलकांवर कोणाकोणाचे फोटो होते, ते आम्ही लिहीत नाही.

काही मंडळींनी आम्हाला आधीच ऐकवले आहे की, आपण मराठी पत्रक छापले तर सरकार सुटेल. त्याचे कर्तव्य आपण का करायचे? हा युक्तिवाद ऐकायला कडक वाटतो. पण सोयाबीन करपलेल्या माणसाला तो ऐकवून बघा. मागणी करावी आणि काम थांबवू नये. देवचंद कॉलेज काढणाऱ्यांनी सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहिली असती तर आम्ही बी.कॉम. झालोच नसतो.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही लेखी ठराव ठेवला आहे. त्यात धारवाडच्या कुलगुरूंना पंधरा टक्क्यांच्या नियमाचा हवाला देऊन मराठी पत्रकांची आणि कार्यानुभवाच्या मुलांची मागणी आहे. राहुरीला कृषिदर्शनी आणि पत्रकांचे गठ्ठे मंडळाच्या पत्त्यावर विकत मागितले आहेत. विकत घेतलेला कागद कार्यक्षेत्राच्या कायद्यात अडकत नाही. कणेरी मठाचे कृषी विज्ञान केंद्र निपाणीहून तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे एकरभरात अनेक पिके घेण्याचा जो प्रयोग चालतो तो बघायला एक गाडी काढावी असेही सुचवले आहे. मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांना परसबागेबद्दल पत्रे गेली आहेत; दोघांचे होकार आले आहेत, एकांनी पाण्याचा प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे.

मंडळाच्या कार्यालयामागे साडेतीन गुंठे जागा पडून आहे. तिथे सध्या मोडक्या खुर्च्या, जुन्या मोर्चांचे बांबू आणि काँग्रेस गवत आहे. ठराव मंजूर होईपर्यंत गवत थांबणार नाही, म्हणून येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही ते उपटायला जाणार आहोत. मातीचा नमुना त्याच दिवशी काढायचा आहे. निपाणीच्या संशोधन केंद्रात आम्ही विचारून आलो, या वेळी रस्ता न चुकता. कोथिंबीर, मेथी, वांगी, मिरची आणि कुंपणाला घोसाळी, एवढेच सध्या ठरले आहे. ज्यांच्याकडे गावठी घोसाळ्याचे बी असेल त्यांनी आणावे, आमच्या घरचे राहिले नाही. हातमोजे आवर्जून घालावेत, त्या गवताने अंगाला खाज सुटते. खुरपी घरचीच आणावीत. मंडळाकडे दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची मूठ निघालेली आहे.